उंबऱ्याचा आकडा

आमची पिठाची गिरणी सांगलीत, मारुती चौकाच्या अलीकडं. २००५ च्या पुरात बुडाली, २०१९ च्या पुरात बुडाली. २०२१ ला पाणी आत आलं, पण तोवर आत भिजण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. ते कसं, एवढंच सांगतो.

कृष्णेची इशारा पातळी आयर्विन पुलाजवळ ४० फूट, धोका पातळी ४५. हे आकडे शहराचे, तुमच्या घराचे नव्हेत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरवाल्यांची पळापळ धोक्याच्या आधीच सुरू होते. मागच्या पुरात तुमच्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा आयर्विनला किती होतं, ते शेजारपाजारी विचारून काढा आणि भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा. त्यातून पाच फूट वजा करा; आयर्विनला तेवढं पाणी झालं की सामान हलवायचं. तेव्हा शेजारी हसतात. हसू द्या.

सांगलीत ऊन पडलंय यावर जाऊ नका. आपलं पाणी कोयनेकडनं येतं, आणि हरिपुरात वारणा फुगून आली की कृष्णा उतरायचं नाव घेत नाही.

मोटर फळीवर नको, दुसऱ्या मजल्यावरच न्या. २००५ चं पाणी ५४ फुटांच्या आत होतं, म्हणून २०१९ ला आम्ही फळीच्या भरवशावर राहिलो. पाणी साडेसत्तावन्नला गेलं. गिऱ्हाइकांचं दळण मात्र सगळ्यात आधी परत करा. भिजलेल्या गव्हाचा वास महिनाभर जात नाही, आणि बोलणी त्याहून जास्त.

पाणी दारातून नंतर, संडासातून आधी येतं. भांड्यावर वाळूचं पोतं टाका, मोरीच्या जाळीत गोणपाट कोंबा. सिलिंडर काढून गच्चीवर न्या, खाली राहिला तर तरंगतो. मेन स्विच पाणी येण्याआधी बंद करा. ओल्या पायांनी मीटरजवळ जाऊ नका. गाडी मिरजेला पाव्हण्यांकडं. आईला गोळ्या, चष्म्यासकट आदल्या दिवशीच पाठवा. बोटीची वाट बघत म्हातारं माणूस गच्चीवर ठेवू नये.

पाणी उतरताना ते घोट्याएवढं असेपर्यंतच खराट्यानं गाळ बाहेर ढकला. एकदा वाळला की फावडंच लागतं. पण त्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट फोटो काढा. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत आमच्या घरच्यांनी सगळं लख्ख धुऊन टाकलं होतं.