चार्टवरचा आरआर २० आणि माझी एक रात्र

नुकतेच जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट डॉक्टर, झालेल्यांसाठी लिहितेय. कर्ब-६५, म्हणजे न्यूमोनिया किती गंभीर ते सांगणारा पाच मार्कांचा स्कोअर (गोंधळलेपणा, युरिया, श्वासाचा रेट, बीपी, ६५ वय), तुम्हाला पाठ असेलच, मलाही होता, आणि तिथेच माती खाल्ली.

एप्रिल २०२१. अडतीस वर्षांचा रिक्षावाला, कोविड पॉझिटिव्ह, तापाचा सातवा दिवस. रूम एअरवर, म्हणजे वरून ऑक्सिजन न देता, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९४, बीपी मस्त, फोनवर बायकोला सांगतोय की डबा पाठवू नको. चार्टवर आरआर, म्हणजे मिनिटाला किती श्वास, २०. मी कर्ब काढला, शून्य, आणि साध्या वॉर्डात पाठवून मोकळी झाले. पहाटे तो बाथरूमला जाऊन आला आणि कॉटची दांडी धरून उभाच राहिला. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, बोलताना तुटतोय बघा हा." सॅच्युरेशन ८४. घड्याळ लावून श्वास मोजला तर ३४. मग चार्ट चाळले तर त्या रांगेतल्या सगळ्यांचा आरआर २०, न मोजताच लिहिलेला, आणि त्यातले दोन माझ्याच अक्षरात.

आता हे नीट ऐका. माणसाला धाप जाणवते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यावर. व्हायरल न्यूमोनियात सुरुवातीला पेशंट भराभर श्वास घेऊन तो बाहेर टाकत असतो, म्हणून चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि सॅच्युरेशनही त्या मेहनतीवरच टिकलेलं असतं. म्हणजे १६ च्या रेटला ९४ आणि ३० च्या रेटला ९४ हे दोन वेगळे पेशंट आहेत. रेट मोजलाच नाही तर तुम्हाला ते एकच वाटणार, मला वाटले तसे.

मोजायचा कसा? पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, एक श्वास चुकला की चारचा फरक पडतो, २० चा २४ होतो. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि डोळे छातीवर ठेवा, मोजताय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो.

आणि कर्बवर इतका जीव टाकू नका. तो २००३ चा, साध्या न्यूमोनियासाठी केलेला, त्यात ऑक्सिजनच नाही आणि रेटचा कट-ऑफ ३०. माझ्या पेशंटचा रेट दाखल करताना खरा २८ असता तरी कर्ब शून्यच आला असता! मोबाईलच्या अ‍ॅपवर आकडे टाकून निर्णय घेणाऱ्यांचा मला तेव्हापासून रागच येतो, माझ्यासकट. त्या वेळच्या सरकारी गाईडलाइनमध्ये २४ किंवा जास्त रेट, नाहीतर ९० ते ९३ सॅच्युरेशन म्हणजे मॉडरेट, ३० च्या वर किंवा ९० च्या खाली म्हणजे सिव्हिअर. साधं आहे, पण कामाचं. बसून ठीक दिसणाऱ्याला, झेपत असेल तर, बोटाला सॅच्युरेशनचा प्रोब लावून सहा मिनिटं चालवा. ९३ च्या खाली गेला किंवा तीन-चारने पडला तर त्याला हलका समजू नका.

नातेवाईक एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, पंचवीसपैकी स्कोअर घेऊन येतील, "डॉक्टर, बारा आलाय हो". बघा जरूर, पण आधी पेशंट बघा.

घाबरू नका, चुका सगळ्यांच्याच होतात. तो अकरा दिवसांनी चालत घरी गेला, नाहीतर हे लिहायची हिंमत झाली नसती. आमच्या सरांनी राउंडला झापलं, ते मी विसरलेही, शिकवलं मात्र त्या सिस्टरनी. नाईटला त्या हाक मारतील तेव्हा उठा, "येते, पाच मिनिटांत" म्हणू नका.

हो, आणि लॅब युरिया देते की बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) ते बघून घ्या. कर्बचा कट-ऑफ युरियात साधारण ४२ येतो, बीयूएनमध्ये २० च्या आसपास, आणि आमच्याकडे अर्धी बॅच युरियालाच २० लावून सगळ्यांना एक मार्क देत होती. बोट गार असेल तर चोळून गरम करा, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट घ्या, आणि सॅच्युरेशन लिहिताना शेजारी किती लिटर ऑक्सिजनवर तेही लिहा, नुसतं ९६ लिहून जाऊ नका.