सीएनएची तयारी: पुस्तक मिटा, खाटेजवळ उभ्या राहा

मी अमेरिकेत एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्ध आणि आजारी माणसांच्या शुश्रूषा केंद्रात, सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे रुग्णांची रोजची देखभाल करणारी साहाय्यक) आहे. सुट्टीच्या दिवशी आपल्याकडच्या काही जणी माझ्याकडे परीक्षेच्या तयारीला येतात. बहुतेकींनी पुस्तक घोकून पाठ केलेलं असतं. अडतं ते प्रात्यक्षिकात.

आधी नियमाचं. केंद्राच्या कायद्यानुसार प्रशिक्षण किमान 75 तासांचं आणि त्यातले किमान 16 तास देखरेखीखालच्या प्रात्यक्षिकाचे. राज्यं यात भर घालतात. कॅलिफोर्नियात 160 तास लागतात. म्हणून मैत्रिणीच्या राज्यातले नियम ऐकून तयारी करू नका. आपल्या राज्याचं कँडिडेट हँडबुक, म्हणजे परीक्षार्थींसाठीची माहितीपुस्तिका, डाउनलोड करून घ्या. प्रत्येक कृतीच्या पायऱ्या त्यात क्रमाने दिलेल्या असतात, आणि काही ठिकाणी ठळक अक्षरांतही. ती ठळक पायरी चुकली की बाकी सगळं बरोबर असूनही ती कृती गेली. या पायऱ्या आधी पक्क्या करा.

परीक्षेत कोणत्या कृती येतील हे आधी कळत नाही. बऱ्याच राज्यांत 5 करायच्या असतात आणि हात धुणं त्यात ठरलेलंच. म्हणून सुरुवात हात धुण्यापासूनच करा. साबण लावून किमान 20 सेकंद चोळायचं, बोटांची टोकं कोपरांपेक्षा खाली, बेसिनच्या आतल्या बाजूला हात लागू द्यायचा नाही, आणि शेवटी नळ कोरड्या कागदी टॉवेलने बंद करायचा. धुतलेल्या हाताने नळ धरलात की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता नाडी. मनगटावर अंगठा ठेवायचा नाही, बोटांची टोकं ठेवायची, आणि पूर्ण मिनिट मोजायचं. अनेक ठिकाणी परीक्षकाच्या आकड्यापेक्षा 4 ठोक्यांपर्यंतचा फरक चालतो. मी घरी असं करून घेते: तिसरीच्या दोन्ही मनगटांवर दोघींनी एकाच वेळी मोजायचं, न बोलता कागदावर लिहायचं आणि मग कागद शेजारी ठेवायचे. सेकंदकाटा असलेलं घड्याळ वापरा.

अर्धांगवायूच्या माणसाला कपडे घालताना अशक्त बाजूचा हात आधी बाहीत, काढताना मात्र धडधाकट बाजू आधी. खुर्चीत बसवायच्या आधी व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे आणि पायात न घसरणारी पादत्राणं घालायची. लघवी मोजायची तर भांडं सपाट जागेवर ठेवून, वाकून, डोळे रेषेच्या पातळीला आणून. वरून पाहिलं की आकडा हमखास चुकतो.

ज्यावर माझा सगळ्यात जास्त जोर असतो, ते हे. दार वाजवा, नाव सांगा, काय करणार आहात ते सांगा, पडदा ओढा, पाणी फार गरम नाही ना हे त्यांनाच विचारा. निघताना कॉल लाइट (मदतीला बोलवायचं बटण) त्यांच्या हाताशी आहे आणि खाट खाली केली आहे हे पाहा. ही कामं जवळजवळ प्रत्येक कृतीत येतात, आणि गडबडीत हीच राहून जातात. आपण घरात आजीचं सगळं न बोलता करतो, तीही काही म्हणत नाही. इथे खाटेवरच्या माणसाला आपण कोण हे माहीत नसतं. त्याला न सांगता अंगाला हात लावणं मला परीक्षेबाहेरही पटत नाही. इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प राहू नका. "आय ॲम गोइंग टू वॉश युअर फेस नाऊ" एवढं वाक्य पुरतं. प्रत्येक कृतीचं असं एकेक वाक्य तयार ठेवा आणि सराव करतानाही ते मोठ्याने म्हणा.

मध्येच काही राहिल्याचं लक्षात आलं तर घाबरू नका. बऱ्याच राज्यांत परीक्षकाला सांगून ती पायरी पुन्हा करता येते; तुमच्याकडे कसं, ते हँडबुकात पाहा.

लेखी भाग मला त्यामानाने सोपा वाटतो. इंग्रजी वाचन जड जात असेल तर प्रश्न ऐकून उत्तर द्यायचा तोंडी पर्याय असतो. तो अर्ज भरतानाच निवडा. नापास झालात तरी परीक्षेच्या एकूण किमान 3 संधी देणं राज्यांना बंधनकारक आहे.

अर्जावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आजच पाहा. आपल्या मधल्या नावात एका कागदावर वडील, दुसऱ्यावर नवरा असतो, आणि नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. फरक असेल तर तारीख घ्यायच्या आधी दुरुस्त करून घ्या.