पेटी, साखळदंड आणि पाणी: ‘ट्रिकच तर आहे’ म्हणण्याआधी या चुका टाळा

चंचल लाहिरी हा कोलकात्याचा जादूगार, रंगमंचावरचं नाव मँड्रेक. २०१३ मध्ये तो पिंजऱ्यात बंद होऊन हुगळीत उतरला आणि काही सेकंदांत वर आला. पण पिंजऱ्याच्या ज्या दारातून तो निसटला, ते काठावरच्या लोकांना स्पष्ट दिसलं. टाळ्या राहिल्या बाजूला, लोक त्याच्या अंगावर धावून गेले. १६ जून २०१९ ला हाच माणूस हातपाय साखळ्या-दोरांनी जखडून घेऊन क्रेनने पुन्हा त्याच नदीत, हावडा पुलाजवळ उतरला. लोक वाट बघत राहिले. मृतदेह दुसऱ्या दिवशी मिळाला.

पहिल्या खेपेला युक्ती चालली, पण दिसली. दुसऱ्या खेपेला ती दिसली नाही आणि चाललीही नाही. पाण्यात नक्की काय अडलं हे सांगायला तो परतला नाही.

मी तलावावर जीवरक्षक म्हणून वीसेक वर्षं शिट्टी वाजवली आहे. उन्हाळी सुट्टी लागली की एखादा पोरगा ओल्या हाताने मोबाईल पुढे करतो. ‘सर, हे बघा. हातकड्या घालून चार मिनिटं पाण्याखाली. आपण करू या ना!’ त्याला दरवेळी जे सांगतो, ते इथे लिहितो. गॅदरिंगला किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला ‘काहीतरी हटके’ म्हणून पाण्याची टाकी मांडू पाहणाऱ्या मोठ्या पोरांनीही वाचावं.

‘युक्ती असते, म्हणजे धोका नसतो’

सगळ्यात मोठी चूक ही, आणि बाकीच्या बहुतेक हिच्या पोटातून निघतात.

हॅरी हुदिनी हा शंभरेक वर्षांपूर्वीचा, बंधनांतून सुटण्याचे खेळ करणारा अमेरिकेतला जादूगार. त्याचा दुधाच्या कॅनचा खेळ घ्या. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसला त्याने तो पहिल्यांदा केला. माणूस मावेल एवढा पत्र्याचा कॅन, काठोकाठ पाणी, हुदिनी आत, वर झाकण आणि झाकणाला कुलपं. कॅनमध्ये शिरण्याआधी तो प्रेक्षकांना म्हणायचा, माझ्याबरोबर तुम्हीही दम धरा. मिनिटभरात सभागृहातले बहुतेक लोक श्वास सोडून मोकळे झालेले असायचे आणि हा अजून आतच. घाबरवायची यापेक्षा चांगली रीत मला तरी माहीत नाही.

आता यात खोटं किती? पाणी खरं, कुलपं खरी, धरलेला दम खरा. खोटं एवढंच की सुटायची वाट कुलपांतून जात नव्हती. कॅनची मान अंगापासून सुटी होईल अशी बनवलेली होती. कुलपांना हात न लावता झाकणासकट मान उचलून बाहेर यायचं. म्हणजे माणसाचा जीव सहा कुलपांवर टांगलेला दिसतो, पण असतो एका सांध्यावर.

तो सांधा अडला तर? जेनेस्टा नावाचा एक कलाकार हाच खेळ करायचा. नोव्हेंबर १९३० मध्ये अमेरिकेच्या केंटकीतल्या फ्रँकफर्टला त्याच्या कॅनला पोचा पडला होता, असं सांगतात. मान सुटेना. लोकांनी कुलपं काढून त्याला बाहेर ओढेपर्यंत उशीर झाला होता. कॅन वाहतुकीत कुठेतरी आपटला असणार, एवढंच. आपल्याकडे दूधवाल्याच्या कॅनला रोज असे पोचे पडतात.

तेव्हा युक्तीने धोका जात नाही. तो पसरलेला असतो, त्याचा एक ठिपका होतो, आणि तो ठिपका कुठे आहे हे बघणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. मदतीला धावणारा कुलपं तोडत बसतो.

दुसरं असं की युक्ती आहे हे माहीत असलेला माणूस धावतच नाही. हुदिनी पडद्याआड मोकळा झाल्यावरही मुद्दाम थांबायचा, बाहेर लोकांचा जीव टांगणीला लागू द्यायचा. हा उशीर खेळाचाच भाग. पण मग खरा उशीर आणि नाटकी उशीर यांत फरक करायचा कसा? त्याच्याकडे उपाय होता. कुऱ्हाड घेतलेला सहायक शेजारी उभा असायचा. प्रेक्षकांना तो देखावा वाटायचा, आणि होताच. पण कॅन किंवा पुढच्या खेळातली काचपेटी फोडायची वेळ आली असती तर ती कुऱ्हाडही खरीच होती.

उलट टोकाची चूकही करू नका. सगळंच खोटं असतं असं नाही. ऑगस्ट १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या शेल्टन हॉटेलच्या तलावात हुदिनी बंद धातूच्या पेटीत दीड तास पाण्याखाली राहिला. चोरदरवाजा नाही, नळी नाही. न हलता, न घाबरता, उथळ श्वास घेत पेटीतली हवा पुरवली. तो बाहेर आला तेव्हा पार गळून गेला होता.

हुदिनीच्या दंतकथा खऱ्या मानून शिकणं

हुदिनी पाण्याच्या काचपेटीत उलटा टांगलेला असताना बुडून मेला, हे मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. तसं दाखवलं ते १९५३ च्या हॉलिवूडच्या चित्रपटात. प्रत्यक्षात तो ३१ ऑक्टोबर १९२६ ला डेट्रॉइटच्या रुग्णालयात गेला. अपेंडिक्स फुटून पोटात विष पसरलं होतं. काचपेटीने त्याला इजा केली, नाही असं नाही, पण ती पाण्याबाहेर. ऑक्टोबरमध्येच ऑल्बनीला त्याला पायांनी वर ओढताना चौकट हिसकली आणि घोट्याचं हाड मोडलं. १९१२ मध्ये बर्लिनच्या बुश सर्कशीत हा खेळ त्याने पहिल्यांदा लोकांसमोर आणला होता. म्हणजे चौदा वर्षांचा सराव गाठीशी असताना पाय मोडला.

दुसरी दंतकथा त्याने स्वतःच पसरवली. डेट्रॉइटच्या गोठलेल्या नदीत बर्फाच्या भोकातून उडी मारली, वाट चुकली आणि बर्फाखालच्या हवेच्या फटीत नाक खुपसून श्वास घेत राहिलो, अशी. नोव्हेंबर १९०६ मध्ये त्याने पुलावरून उडी मारली हे खरं, पण तेव्हाच्या वर्तमानपत्रांत गोठलेली नदी नाही. आमच्याकडे या कथेचा देशी अवतार म्हणजे बादली पालथी धरून विहिरीत बुडी मारायची. ‘आत हवा असते ना सर!’ असते. हवेने भरलेली बादली वर उसळते, हातातून सुटते, आणि हवा जाते.

भराभर श्वास घेऊन दम ‘साठवणं’

हे मात्र नीट वाचा, कारण याला ना साखळी लागते ना पेटी.

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाला म्हणून नव्हे. बुडी मारण्याआधी दहा-वीस वेळा भराभर खोल श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड घटतो, पण ऑक्सिजन फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली घुसमटच जाणवत नाही. आज दम मस्त टिकतोय असं वाटत असतानाच ऑक्सिजन संपत येतो आणि माणूस बेशुद्ध होतो. सूचना मिळत नाही. धडपड नाही, बुडबुडे नाहीत.

माझ्या ड्युटीत एकदा तीन मुलं खोल बाजूला पैज लावून बसली होती. दोघं वर आले, तिसरा तळाशी मांडी घालून. वरचे दोघं मोठ्याने आकडे मोजत होते: ‘नव्वद, एक्याण्णव...’ त्यांच्या मते तो जिंकत होता. मी मारलेला सूर वायाच जावा असं मनात म्हणत होतो. गेला नाही. ओठ निळे पडले होते. शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, ‘किती झाले?’

मग ते सतरा मिनिटांचे विक्रम? २००६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन जादूगार डेव्हिड ब्लेन आठवडाभर पाण्याच्या काचगोलात राहिला आणि शेवटी साखळ्यांतून सुटत ८ मिनिटं ५८ सेकंदांचा विक्रम मोडायला गेला. ७ मिनिटं ८ सेकंदांना मदतनीसांनी त्याला बाहेर काढलं. २००८ मध्ये टीव्हीवर त्याने १७ मिनिटं ४ सेकंद दम धरला, पण आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन आणि एका जागी शांत राहून. २०२१ मध्ये क्रोएशियाच्या बुदिमिर शोबातने केलेले २४ मिनिटं ३७ सेकंदही ऑक्सिजन घेऊनच. साखळीशी झटापट करणारा माणूस या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. स्नायू राबले की ऑक्सिजन उडतो.

कोरड्यात तालीम, ओल्यात खेळ

घरच्या पलंगावर हातकडी वीस सेकंदांत निघते, म्हणून पाण्यातही निघेल असं धरून चालतात. सुती दोर भिजला की गाठ आवळते, हे विहिरीवर पोहरा बांधणाऱ्याला विचारा. बोटं गारठतात, किल्ली निसटली की गेली. थंड पाण्यात एकदम शिरलं की नकळत मोठा श्वास ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर ओढलं जातं पाणी.

पेटीच्या दाराचा हिशोब तर कुणी करतच नाही. सत्तर सेंटिमीटर लांब-रुंद झाकण म्हणजे सुमारे अर्धा चौरस मीटर. पेटीत हवा आहे आणि झाकण दोन मीटर खोल आहे, तर त्यावर बाहेरून साधारण हजार किलोंचा दाब येतो. बाहेर उघडणारं झाकण आतून पहिलवानालाही ढकलता येणार नाही. पेटी पाण्याने भरल्यावरच दाब सारखा होतो, आणि तोवर दम संपत आलेला असतो. गाडी पाण्यात गेल्यावर दार उघडत नाही, ते याचमुळे.

नदीला टाकी समजणं

काचेच्या टाकीत माणूस दिसतो, पाणी वाहत नाही, हात घातला की तळ लागतो. हुगळीत यातलं काहीच नव्हतं: गढूळ पाणी, प्रवाह, वर भरती-ओहोटी. लाहिरीचा खेळ बोटीवर होईल असं पोलिसांना सांगितलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. धरणाच्या फुगवट्यात, घाटावर किंवा खाडीत असला कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी परवानगीच्या अर्जात पाण्याखाली जाणार असं स्पष्ट लिहावं. नकार मिळेल. मिळू द्या.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं

खेळातला असो वा विसर्जनातला, बुडालेल्याला काठावर आणलं की चार जण त्याला उलटा धरतात, गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. हे थांबवा. पोटातलं पाणी बाहेर आलं की ते छातीत जाऊ शकतं, आणि तेवढ्यात मोलाची मिनिटं जातात.

त्याला पाठीवर झोपवा. श्वास चालू नसेल तर एकाने १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने लगेच तोंडाने श्वास द्यायचे. बुडालेल्याला आधी हवा हवी असते, म्हणून सुरुवात श्वासांनी. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब, मदत येईपर्यंत. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. उठून बसला, बोलला, तरी डॉक्टरांना दाखवाच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

त्या मोबाईलवाल्या पोराचं राहिलं. या वर्षीचा होता नववीतला. त्याला म्हटलं, क्लिप पुन्हा लाव, पण जादूगाराकडे बघू नको. कॅमेरा किती वेळा बदलतो ते मोज, आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघ. तो पायऱ्यांवर बसला, टॉवेल डोक्यावर घेऊन. थोड्या वेळाने आला.

‘अकरा वेळा बदलला सर. आणि घड्याळ फक्त सुरुवातीला आणि शेवटी दिसतं.’

‘मग?’

‘म्हणजे त्याने चार मिनिटं दम धरलाच नव्हता?’

‘एवढी अक्कल होती त्याला,’ मी म्हटलं, आणि उथळ बाजूच्या कुणीतरी पळत सूर मारला म्हणून शिट्टी वाजवली.