हॉस्टेलवाले विरुद्ध घरून येणारे: सर्व्हेत दोन ग्रुपांची तुलना करताय? मग फॉर्म फिरवायच्या आधीच या चुका टाळा

सबमिशनचे दिवस जवळ आले की व्हॉट्सॲपवर फॉर्म यायला लागतात, "प्लीज भरा, दोनच मिनिटं लागतील, डिझर्टेशनसाठी आहे". सायकॉलॉजी, एमएसडब्ल्यू, बीएड, कॉमर्स, सगळीकडे तुलनेचे विषय असतात, आणि त्यातला एक कायमचा म्हणजे हॉस्टेलवर राहणारे आणि घरून येणारे विद्यार्थी, कोणाला जास्त ताण. विषय छानच आहे. पण असल्या अभ्यासाचं खरं नुकसान फॉर्मची लिंक पाठवायच्या आधीच होऊन बसलेलं असतं, मग नंतर एसपीएसएसमध्ये (डेटाची आकडेमोड करायचं सॉफ्टवेअर) कितीही डोकं घाला, ते भरून येत नाही.

ग्रुप नक्की कोणाचा हेच ठरवलेलं नसतं

ही सगळ्यात मोठी चूक. पुण्याचंच घ्या. एक मुलगा कॉलेजच्या हॉस्टेलवर, दुसरा पेठेत कॉट बेसिसवर, तिघं मिळून फ्लॅट घेऊन राहतात, एक मुलगी मामाकडे राहते, आणि तुमच्या फॉर्ममध्ये ऑप्शन दोनच: हॉस्टेल, घर. मामाकडे राहणारी 'घर' टिक करणार, कॉट बेसिसवाला कधी हे कधी ते, आणि फ्लॅटवाले तर फॉर्म अर्धवट सोडून जातात. आता या दोन ढिगांची तुलना करून निघालेला फरक नक्की कशाचा हे तुमच्या गाईडलाही सांगता येणार नाही.

त्यापेक्षा सरळ विचारा, "सध्या कुठे राहता?", पाच-सहा ऑप्शन द्या, सोबत "इथे किती महिने झाले?" हेही विचारा, आणि कुठला ऑप्शन कुठल्या ग्रुपमध्ये धरणार किंवा कोणाला बाहेर ठेवणार ते सिनॉप्सिसमध्येच (अभ्यासाच्या आधी द्यायच्या आराखड्यात) लिहून टाका. बारीक ऑप्शन नंतर एकत्र करता येतात, एकत्र विचारलेलं नंतर वेगळं करता येत नाही.

दोन ग्रुपांत बाकी सगळं सारखंच आहे असं धरून चालणं

हॉस्टेलवाला बहुतेकदा बाहेरगावचा असतो, कदाचित मराठी मीडियममधून येऊन आता इंग्लिशमधून शिकतोय, घरच्यांनी कर्ज काढलेलं असू शकतं. घरून येणाऱ्याला कर्ज नसेल पण रोज दीड तास पीएमपीत जातो. मग ताण जास्त दिसला तर तो हॉस्टेलमुळे, पैशामुळे, भाषेमुळे की प्रवासामुळे?

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे 1973 चे प्रवेश. एकूण आकड्यात अर्ज केलेल्या पुरुषांपैकी साधारण 44 टक्क्यांना प्रवेश मिळालेला आणि बायकांपैकी 35 टक्क्यांना, उघड भेदभावच वाटेल, पण विभागवार बघितलं तर बहुतेक विभागांत तसा फरक नव्हताच. बायकांचे अर्ज जास्त करून अशा विभागांत होते जिथे प्रवेश मिळणं सगळ्यांनाच अवघड होतं.

म्हणून वर्ष, कोर्स, जेंडर, शाळेचं माध्यम, घरचं अंदाजे उत्पन्न, प्रवासाचा वेळ हे फॉर्ममध्ये पाहिजेच. नाहीतर अजून सोपं, सुरुवातीलाच मर्यादा घाला, समजा फक्त एसवाय बीकॉमचेच विद्यार्थी घ्यायचे. अभ्यास छोटा होतो पण उत्तराला अर्थ राहतो, आणि माझ्या मते एमएच्या पातळीला हेच जास्त शहाणपणाचं.

वेळेचंही तेच. ताण मोजायला बरेच जण पीएसएस-10 ही प्रश्नावली वापरतात, ती गेल्या एका महिन्याबद्दल विचारते. हॉस्टेलवाल्यांचे फॉर्म सेमिस्टर परीक्षेच्या आधी भरून घेतले आणि घरून येणाऱ्यांचे दिवाळीच्या सुट्टीनंतर, तर तुम्ही परीक्षा आणि फराळाची तुलना केलीत. दोन्ही ग्रुप एकाच आठवड्यात उरका. आणि रेक्टर मॅडमच्या हातून फॉर्म वाटू नका हो, त्यांच्यासमोर मेसबद्दल खरं कोण लिहिणार?

384 चा हट्ट

"सँपल किती?" विचारलं की उत्तर तयार असतं, 384. हा आकडा क्रेज्सी आणि मॉर्गन यांच्या 1970 च्या टेबलातला, दहा लाखांच्या लोकसंख्येसमोर 384. पण ते टेबल एका लोकसंख्येतली एक टक्केवारी साधारण 5 टक्के इकडे-तिकडे धरून काढण्यासाठी आहे, दोन ग्रुपांच्या सरासरीची तुलना हा प्रश्नच वेगळा. तिथे विचारायचं की किती मोठा फरक पकडायचाय. मध्यम फरक, म्हणजे कोहेन या संख्याशास्त्रज्ञाच्या हिशोबाने 0.5 (सरासरीतला फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे गुणांचा पसारा), पकडायचा तर 80 टक्के पॉवर (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि 0.05 लेव्हलला (फरक नसताना चुकून 'आहे' म्हणायची शक्यता 5 टक्के) प्रत्येक ग्रुपमध्ये 64 जण लागतात, पण 0.2 इतका छोटा फरक असेल तर प्रत्येकी जवळपास 400. जी-पॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे पाच मिनिटांत काढून देतं.

आणि 384 फॉर्म जमले पण त्यात 350 घरून येणारे आणि 34 हॉस्टेलवाले असतील, तर त्या अभ्यासाची ताकद 62-62 च्या दोन ग्रुपांएवढीच. म्हणजे एवढी धावपळ करून 124 फॉर्मचं काम झालं. लिंक नुसती फॉरवर्ड करत बसू नका, रोज संध्याकाळी कुठल्या ग्रुपचे किती आले ते बघा आणि कमी पडतोय तिकडे जा. एकाच रूममधल्या चौघांचे फॉर्म घेऊन आकडा फुगवू नका, त्यांचं रोजचं जगणं एकमेकांत इतकं मिसळलेलं असतं की ती चार स्वतंत्र मतं धरता येत नाहीत.

प्रश्नांची भाषा हा अजून एक खड्डा. एका ग्रुपला मराठी फॉर्म आणि दुसऱ्याला इंग्लिश दिला तर फरक भाषेचाही असू शकतो. भाषांतर स्वतः करत असाल तर एकाने मराठीत करायचं, मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने परत इंग्लिशमध्ये, मग दोन्ही ताडून बघायचं. आणि "मेस आणि रूमबद्दल समाधानी आहात का?" असा जोडप्रश्न नको, मेस वाईट आणि रूम चांगली असणाऱ्याने काय टिक करायचं?

अकरावी-बारावीची मुलं घेणार असाल तर ती 18 च्या खालची, पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही लागतं. हे आधी करायचं, थिसिस बाइंडिंगला जाताना नाही.

डेटा आलाय आणि गडबड वाटतेय?

क्रोनबाख अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) फारच कमी किंवा चक्क मायनसमध्ये आला तर घाबरू नका, आधी उलटे प्रश्न बघा. पीएसएस-10 मध्ये 4, 5, 7 आणि 8 हे प्रश्न उलट मोजायचे असतात (0 चे 4, 1 चे 3 असं), ते राहून गेलं की असंच होतं. दुरुस्त केलं की एकूण स्कोअर 0 ते 40 मध्ये यायला हवा, आला नाही तर एंट्रीत चूक आहे.

ग्रुप लहान-मोठे झालेत म्हणून मोठ्या ग्रुपमधले फॉर्म फेकून समान करू नका, त्याने फायदा काहीच नाही, उलट माहिती जाते. साध्या टी-टेस्टऐवजी (दोन सरासरींची तुलना करायची चाचणी) वेल्चची टी-टेस्ट वापरा, ती दोन्ही ग्रुपांतल्या गुणांचा पसारा सारखाच आहे असं धरत नाही, एसपीएसएसच्या आउटपुटमध्ये ती खालच्या ओळीत आपोआप येते.

मुख्य तुलनेत काही निघालं नाही म्हणून जेंडर, जिल्हा, जेवण, झोप असं एकेक करत वीस टेस्ट मारू नका. कुठेच काही फरक नसताना वीस स्वतंत्र टेस्टमध्ये निदान एक तरी निव्वळ योगायोगाने 'सिग्निफिकंट' (पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली) येण्याची शक्यता 64 टक्के असते. सिनॉप्सिसमध्ये लिहिलेली तुलना मुख्य, बाकीच्या नंतर सुचलेल्या, असं स्पष्ट लिहा.

आणि पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) 0.08 आली तर "दोन ग्रुपांत फरक नाही" असं लिहू नका, कारण तुम्ही ते सिद्ध केलेलंच नाही. सरासरीत किती गुणांचा फरक आला आणि त्याचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो अंदाज) काय ते द्या. तो समजा उणे 0.3 पासून 4.9 पर्यंत असेल तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की फरक शून्य असू शकतो तसा चांगला पाच गुणांचाही असू शकतो, आणि व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं की सँपल कमी पडलं का, तर त्याचं उत्तर तुमच्या त्याच ओळीत असतं.