‘पिक अप’ आणि आपलं उचलणं

आमच्याकडे निफाड तालुक्यात पिकअप म्हणजे गाडी. कांदा पिकअपमध्ये भरायचा आणि लासलगावला न्यायचा. थोरल्या भावाने मोटारसायकल घेतली तेव्हा जो तो विचारायचा, “पिकअप कसा आहे?” म्हणजे गाडी किती झटक्यात वेग घेते. शब्द इतका घरचा, की त्यामागे इंग्रजीतलं एक क्रियापद आहे आणि त्याला दहा-बारा अर्थ आहेत, हे पुण्यातल्या पहिल्या नोकरीपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मराठी माध्यमातून शिकून मी एका कंपनीत सॉफ्टवेअर सपोर्टला लागले. ग्राहक इंग्लंडमधले. दुसऱ्याच आठवड्यात तिकडच्या टीम लीडने एका तक्रारीखाली लिहिलं, ‘कॅन यू पिक धिस अप, प्लीज?’ शाळेत ‘पिक द करेक्ट ऑप्शन’ इतक्यांदा सोडवलेलं, की पिक म्हणजे निवडणे हे डोक्यात घट्ट बसलेलं. मला वाटलं, ही तक्रार यादीतून निवडून वेगळी ठेवायची. मी खूण केली, ‘डन’ लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले. ग्राहक तीन दिवस ताटकळला. चौथ्या दिवशी विचारणा झाली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, “अगं, ते काम तू उचल, असं म्हणत होता तो.”

त्या ‘उचल’ने माझं काम सोपं केलं. तोवर मी इंग्रजी अर्थांची यादी पाठ करत होते आणि आठवड्याने विसरत होते. त्या संध्याकाळी वहीत एका बाजूला ‘पिक अप’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला आपण ‘उचलणे’ कुठे कुठे वापरतो ते लिहीत गेले. आपण जबाबदारी उचलतो, तेही जबाबदारीला ‘पिक अप’ लावतात. लग्नाचा खर्च मामाने उचलला. हॉटेलात सगळ्यांचं बिल एकाने दिलं की ‘ही पिक्ड अप द टॅब’. पोलिसांनी रात्री दोघांना उचललं, हे तर शब्दाला शब्द तसंच. पोरगी पटकन उचलते म्हणजे तिला शिकवलेलं लगेच येतं. ‘शी पिक्स थिंग्ज अप क्विकली’. भाव पडून राहतात आणि मग एकदम उचल खातात. ‘प्राइसेस हॅव पिक्ड अप’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच क्रियेवरून इतके अर्थ काढावेत, याचा मला आजही आनंद होतो.

सगळंच जुळत नाही, आणि नवख्या माणसाची फजिती तिथेच होते. शाळेतून मुलाला ‘पिक अप’ करतात, आपण मात्र आणायला जातो. येताना दूध घेऊन ये, यासाठी ‘पिक अप सम मिल्क’. सर्दी आपल्याला होते, त्यांच्याकडे ‘पिक अप अ कोल्ड’. वारा जोर धरतो तेव्हा ‘द विंड इज पिकिंग अप’. फोनचं थोडं जपून घ्यावं. ‘ही डिडन्ट पिक अप’ म्हणजे त्याने फोन उचलला नाही, इथवर ठीक. पण साहेब म्हणाले, ‘इफ देअर इज अ प्रॉब्लेम, जस्ट पिक अप द फोन’, तर फोन वाजायची वाट बघू नका. अडचण आली की तुम्हीच फोन लावा, असं ते सांगताहेत.

नोकरीत सर्वांत जास्त गोंधळ घालणारी जोडी ही. ‘कॅन यू पिक धिस अप?’ म्हणजे काम आता तुझं, लाग कामाला. आणि ‘लेट्स पिक धिस अप ऑन मंडे’ म्हणजे आज इथेच थांबू, उरलेलं सोमवारी पुढे नेऊ. शब्द तेच, पण पहिल्यात काम सुरू होतं आणि दुसऱ्यात तात्पुरतं थांबतं. वाक्यात पुढची वेळ किंवा दिवस आला आणि सोबत ‘लेट्स’ असलं, की बहुतेक वेळा बैठक आवरती घेतली जाते आहे असं समजा.

मुलाखतीसाठी एक बारकावा. ‘पिक अप’ करून शिकणं म्हणजे कानावर पडून, हाताखाली काम करता करता येणं. दुकानात बसून गुजराती येते, तसं. म्हणून ‘आय पिक्ड अप सम पायथन’ (पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा) हे चालतं, पण तुम्ही दोन वर्षं रीतसर अभ्यास करून परीक्षा दिली असेल तर तिथे ‘स्टडीड’ किंवा ‘लर्न्ट’च म्हणा. नाहीतर स्वतःच्या मेहनतीची किंमत तुम्हीच कमी करता. मराठी माध्यमातल्या मुलामुलींनी हे मनावर घ्यावं, असं मला फार वाटतं.

आणि माणसांबद्दल बोलताना ठिकाण सांगा. ‘आय पिक्ड हर अप फ्रॉम द स्टेशन’ यात काही वावगं नाही. पार्टीत कुणाला ‘पिक अप’ केलं म्हटलं, की अनोळखी व्यक्तीशी लगट करून सोबत नेलं असा अर्थ निघतो.

आता तो शेपटासारखा ‘अप’. तो दर वेळी ‘वर’ नसतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. आपण ‘खाऊन टाक’ म्हणतो तेव्हा कुणी काही फेकत नाही, ‘बोलून बसले’ म्हणतो तेव्हा कुणी खाली बसत नाही. मुख्य क्रियापदाला जोडलेला छोटा शब्द आपला मूळ अर्थ सोडून वेगळाच रंग देतो, हे आपल्याला दुधाच्या दातांपासून ठाऊक आहे. इंग्रजीत ‘पिक अप’सारख्या क्रियापद आणि छोट्या शब्दाच्या जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात, हे नाव मात्र तसं अलीकडचं. लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली ते छापलं आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं नोंदवलं.

व्याकरणातली एकच गोष्ट घोटून घ्या. ‘पिक अप द फाइल’ आणि ‘पिक द फाइल अप’ दोन्ही बरोबर. पण फाइलच्या जागी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ कधीही नाही. मागे ‘ऑन’ लागलं तर मात्र सर्वनाम शेवटी जातं, ‘शी पिक्ड अप ऑन इट’, म्हणजे तिने ते हेरलं. उच्चारातही फरक आहे. गाडीच्या पिकअपमध्ये जोर ‘पिक’वर, क्रियापदात तो ‘अप’वर.

हे ‘ऑन’वालं रूप मला बैठकीत फार उपयोगी पडलं. पहिले सहा महिने मी गप्प बसायचे, कारण दुसऱ्याच्या बोलण्यात शिरायचं कसं तेच कळायचं नाही. मराठीत आपण म्हणतो, मघाचा धागा पकडून सांगते. इंग्रजीत त्यासाठी ‘कॅन आय पिक अप ऑन व्हॉट यू सेड?’ आहे, हे सापडलं. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आवाज थरथरत होता. पलीकडून उत्तर आलं, ‘प्लीज डू’, आणि मी बोलायला लागले.