बॉनेट सगळ्यांना जमतं, अडतं ते कडांपाशी

बफिंगच्या, म्हणजे गाडीचा रंग मशीनने पॉलिश करण्याच्या कामाला नवीन मुलगा आला की पहिल्याच आठवड्यात त्याला मशीन हातात हवी असते. बॉनेटच्या मधोमध सपाट जागेवर पॅड फिरवलं, स्वर्ल (धुण्यापुसण्याने पडलेले बारीक गोल ओरखडे) गेले, आरशासारखी चमक आली, की त्याला वाटतं काम आलं. नाशिकमध्ये डिटेलिंगची (गाडी बारकाईने साफ करून चमकवण्याची) दुकानं आता बरीच झाली आहेत आणि मुलंही भरपूर येतात. पण कोणता मुलगा टिकणार, हे मी त्याचं बॉनेट बघून ठरवत नाही. दाराची कड, फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कमान आणि हँडलमागची खोबण बघतो.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे हात आपोआप हलका होईल. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंतचा सगळा रंग साधारण 100 ते 140 मायक्रॉन असतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला आपल्या हाताखाली येणारा क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, 35 ते 50 मायक्रॉनच्या घरात. हे झालं सपाट जागेचं. ओला रंग तीक्ष्ण कडेवर थांबत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो, त्यामुळे कडेवरचा थर मुळातच पातळ असतो. त्यात पॅड कडेवर आलं की मशीनचा सगळा दाब एका रेघेवर येतो आणि उष्णताही तिथेच साठते. पातळ थर, जास्त दाब, जास्त उष्णता, तिन्ही एकाच ठिकाणी. कड ‘उडते’, म्हणजे तिथला रंग निघून जातो, तो असा, आणि एकदा उडाली की पॉलिशने परत येत नाही. पॅनेल पेंटरकडेच जातं.

रंगाची जाडी मोजणारा थिकनेस गेज आहे ना, असं मुलं म्हणतात. गेज जरूर वापरा, पण त्याचं टोक सपाट टेकावं लागतं. ऐन कडेवर येणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. प्लास्टिकच्या बंपरवर तर नेहमीचा गेज आकडाच दाखवत नाही. दाराच्या मध्यावर 200 मायक्रॉनच्या वर आकडा आला तर गाडी बहुतेक पुन्हा रंगवलेली आहे असं धरा. मला अशा गाड्यांची जास्त धास्ती वाटते, कारण रंगाआधी पेंटरने कडांवर किती घासलंय ते वरून कळत नाही.

आता टेप. निळा किंवा हिरवा ऑटोमोटिव्ह मास्किंग टेप घ्या. बॉडी लाइन, पॅनेलच्या कडा, रबर बीडिंग, न रंगवलेलं काळं प्लास्टिक, एम्ब्लेम, सगळं झाका. खोक्यांचा ब्राऊन टेप गाडीला लावायचाच नाही, त्याचा गोंद काढताना नवे ओरखडे पडतात. इथे महिंद्राच्या गाड्या पावलोपावली. थारच्या चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकला पांढरं कंपाऊंड (घासणारी पॉलिश पेस्ट) लागून वाळलं, तर ब्रश घेऊन तासभर बसावं लागतं. त्यापेक्षा मास्किंगला वीस मिनिटं जास्त घ्या. काम संपल्यावर टेप काढून त्या पट्ट्यावर फिनिशिंग पॅडने हलका हात फिरवा, नाहीतर टेपची सीमा उन्हात रेघेसारखी दिसते.

रोटरी (पॅड एकाच जागी गोल फिरवणारी मशीन) वापरत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पॅडची जी बाजू कडेला टेकते, ती पॅनेलवरून बाहेरच्या दिशेला फिरत असली पाहिजे. बाहेरून कडेवर चढत आली तर कड पॅडमध्ये रुतते आणि तिथला रंग खरवडला जातो. वेग हजार आरपीएमच्या आसपास, आणि मशीनच्या वजनाहून जास्त दाब नको. नवख्याने सुरुवात डीएनेच (ड्युअल अॅक्शन, पॅड फिरवता फिरवता हेलकावणारी मशीन) करावी असं माझं मत आहे, पण डीए म्हणजे निर्धोक असंही नाही. पॅड कडेवर कललं की ते फिरायचं थांबतं आणि एकाच जागी थरथरत राहतं. पॅड ज्यावर चिकटतं त्या बॅकिंग प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवा, फिरणं थांबलं की लगेच कळतं. 21 मिमी थ्रोची (पॅडच्या हेलकाव्याची रुंदी) मशीन मोकळ्या बॉनेटला झकास, पण आरशाच्या बुडाशी ती सगळीकडे आपटते. अरुंद जागी छोटा थ्रो आणि तीन इंची किंवा त्याहून लहान पॅड बरं.

हँडलमागच्या खोबणीत नखांचे ओरखडे असतातच. मिनी पॉलिशरवर एक इंची पॅड असेल तर उत्तम. नसेल तर हाताने करा, पण बोटांच्या टोकांनी घासू नका, मऊ अॅप्लिकेटर वापरा, दाब सारखा पडतो. वायपर, अँटेना, नंबर प्लेटचे स्क्रू यांच्यापाशी रोटरी नेऊच नका. पॅड अडकलं तर मशीन हातातून उसळते. वायर खांद्यावरून मागे टाका, आणि घड्याळ, पट्ट्याचं बकल या गोष्टी कामाआधी काढून ठेवा.

दसऱ्यानंतरच्या दिवसांत एक वेगळंच काम येतं. बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक आणि आडवा झेंडूचा हार. हार आठवडाभर तसाच राहतो, गाडी पळते, आणि त्याचा दोरा नेमका बॉनेटच्या कडेवर घासतो. मालक म्हणतो, ‘दादा, हे घालवा.’ इथे मोह आवरायचा. आधी नीट धुवा, क्ले (चिकटलेली घाण ओढून घेणारा कणकेसारखा मऊ गोळा) फिरवा, कारण कडांच्या खाली शेतातल्या रस्त्यांची माती अडकलेली असते आणि पॅडने ती उचलली की पॅनेलभर रेघा ओढते. मग सगळ्यात सौम्य पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. निम्मा ओरखडा गेला की थांबा. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला गाडीचा रंग लागताना दिसला, तर त्याच क्षणी मशीन बंद.

सरावासाठी अंबड-सातपूरच्या औद्योगिक पट्ट्यात भंगारवाल्यांना तोटा नाही. गडद रंगाचं जुनं बॉनेट किंवा फेंडर आणा आणि त्याची एक कड मुद्दाम उडवा. रंग जाण्याआधी हाताला किती गरम लागतं आणि चमक कशी मंदावते, हे तुकड्यावर बघून घ्या. दुकानात पहिले काही महिने धुणं, क्ले आणि मास्किंगच वाट्याला आलं तर कुरकुर करू नका. कोणत्या गाडीची कड कुठे वळते, हे तिथेच डोळ्यांत बसतं.

आणि शेवटी आयपीए-पाण्याने (आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी) पुसून गाडी उन्हात काढा. ट्यूबलाइटखाली लपलेले होलोग्राम (मशीनने उमटलेले धूसर पट्टे) तिथे दिसतात. ज्या कडांवर ओरखडा मुद्दाम ठेवायचा आहे, त्यांचे फोटो काम सुरू करण्यापूर्वीच मालकाला दाखवून जॉब कार्डवर लिहून ठेवा. नंतर सांगितलेलं कारण त्याला बहाणाच वाटतं.