सकाळची दुआ पाठ होत नाहीये? एकच घ्या आणि तुकड्यात घ्या

बरेच जण पहिल्याच दिवशी मोबाईलवर पंचवीस दुआंची लिस्ट उघडतात आणि चौथ्या दिवशी सगळंच सुटतं. त्यापेक्षा एक छोटी घ्या, अबू दाऊद आणि तिर्मिझी या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) दोन्ही संग्रहांत आलेली, सकाळी ३ वेळा आणि संध्याकाळी ३ वेळा म्हणायची: बिस्मिल्लाहिल्लज़ी ला यज़ुर्रु / मअस्मिही शैउन / फिल अर्ज़ि वला फिस्समाइ / वहुवस्समीउल अलीम. म्हणजे अल्लाहच्या नावाने, ज्याच्या नावासोबत जमिनीवरची की आसमानातली कुठलीच गोष्ट इजा करू शकत नाही, आणि तो सगळं ऐकणारा, सगळं जाणणारा आहे.

तुकडे चार आहेत, दोन दिवसाला एक केला तरी आठ दिवसांत होऊन जातं. फजरच्या (पहाटेच्या) नमाजाचा शेवटचा सलाम फिरवला की मुसल्ल्यावरून (नमाजाच्या चटईवरून) उठायच्या आधीच म्हणून टाका, एकदा चहाचं आधण ठेवलं की राहिलंच समजा. मोजायला तस्बीह (जपमाळ) नको, उजव्या हाताच्या एका बोटाची तीन पेरं झाली की तीनदा झालं.

आता देवनागरीतून पाठ करणाऱ्यांसाठी (मी पण त्यातलीच), 'लज़ी' आणि 'यज़ुर्रु' मधला ज़ आपण सारखाच लिहितो पण अरबीत ती दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि 'अलीम'चा अ घशातून काढायचा, साधा काढला तर त्याच शब्दाचा अर्थ 'जाणणारा'च्या जागी 'वेदनादायक' होतो!! म्हणून कागदावर विसंबू नका, एखाद्या चांगल्या कारीचा (शुद्ध उच्चारात कुराण म्हणणाऱ्याचा) ऑडिओ लावून मागोमाग म्हणा, नाहीतर मोहल्ल्यातल्या हाफिजसाहेबांना (ज्यांना अख्खं कुराण पाठ असतं) एकदा ऐकवून घ्या.